ॲट्रोपिनचा सामू



“तुझ्या कामाबद्दल बोल,” असं संयोजकांनी सांगितलं. मी औषध कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातल्या एकाच आकड्याबद्दल बोलते. शाळेच्या पुस्तकात त्याला सामू म्हणायचो, कारखान्यात सगळे पीएच म्हणतात.

२०१७ चा फवारणीचा हंगाम आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष अंगात भिनलं की छातीत पाणी दाटतं, श्वास कोंडतो. तिथे पहिलं इंजेक्शन ॲट्रोपिनचं. आपल्याकडे एका ॲम्प्युलमध्ये बहुधा ०.६ मिलिग्रॅम असतं. गंभीर रुग्णाला सुरुवातच तीन ते पाच ॲम्प्युलनी होते आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करतात. अशा वेळी लेबलवर लिहिलंय तेवढं औषध आत असायलाच हवं.

ॲट्रोपिन हे एस्टर आहे. पाण्यात ते हळूहळू तुटतं, अल्कलीत भराभर. सामू ४ च्या आसपास ते सगळ्यात जास्त टिकतं, म्हणून इंजेक्शन मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात. रक्ताचा सामू ७.४. पण एक-दोन मिलिलिटरचं आम्ल रक्त सहज पचवतं. जोरदार बफर घातलं तर मात्र टोचताना आग होते.

खरा चोर काच! साधी काच पाण्यात थोडी थोडी अल्कली सोडते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तेच अल्कलीचं काम; इथे फक्त रंग दिसत नाही. म्हणून ॲम्प्युल बोरोसिलिकेट काचेचे.

कारखान्यात नमुने ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत महिनोन्‌महिने ठेवतात, काही ४० अंशांवर सहा महिने, आणि ठरलेल्या दिवशी सामू मोजतात. आमचं सॉफ्टवेअर ती नोंद पुसू देत नाही. दुरुस्ती केली तरी जुना आकडा तसाच राहतो. कुणी, कधी, का बदलला हेही राहतं. नव्या पोरांना ही कटकट वाटते. मला नाही वाटत.

आता आपल्यातल्या मेडिकल दुकानवाल्यांना आणि आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांना एवढंच विचारते: मे महिन्यात, पारा ४५ ला टेकतो तेव्हा, तुमची ॲट्रोपिनची पेटी टिनाच्या छपराखाली असते का? उद्या घरी गेल्यावर बघा.