रूढी, ठराव आणि शाळा
(दिघोरी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



समाज न्यायी आणि निरोगी असावा, याविषयी दुमत नाही. परंतु रूढी वाईट आहे हे कळत असूनही ती का टिकते, याचा विचार क्वचितच होतो. पुष्कळ रूढी श्रद्धेपेक्षा धाकावरच जगतात. ‘लोक काय म्हणतील?’ हा तो धाक होय. आणि ते ‘लोक’ही त्याच धाकात वावरत असतात.

वैधव्याच्या रूढींचेच उदाहरण घ्यावे. १८५६ साली कायद्याने विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता दिली. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला. तरीही कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे हे प्रकार एकविसाव्या शतकातही चालू राहिले. कायद्याने वाट मोकळी केली. शेजारच्या नजरेचा धाक मात्र गेला नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड हे गाव आहे. तेथील ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १७ मे २०२२ रोजी शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सुचविले. एका घराने रूढी मोडली तर ते घर एकटे पडते. सर्व गावाने मिळून ती सोडली तर कोणीच एकटे पडत नाही. ठरावाचे खरे सामर्थ्य यात आहे. तथापि पुढे शेजारणींनी त्या भगिनीस मंगलकार्यास बोलाविलेच नाही, तर ठराव दप्तरातच पडून राहील.

दिघोरीच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत सधवा आणि विधवा एकाच बांधीत चिखलात उभ्या राहून रोवणी करतात. त्या हातांनी लावलेले धान कोणी अशुभ मानीत नाही. मग तेच हात हळदीकुंकवाच्या वेळी अशुभ कसे ठरावेत?

येथे शिक्षकाचे कार्य सुरू होते. मातांच्या मेळाव्यात हळदीकुंकू ठेवल्यास प्रत्येक मातेस सारखेच निमंत्रण द्यावे आणि सारखाच मान द्यावा. आपली आई कोपऱ्यात बसलेली पाहून बालक जो धडा शिकते, तो कोणत्याही पुस्तकाने पुसला जात नाही. मात्र कोणा भगिनीस संकोच वाटत असेल, तर सक्ती करू नये. तिचा निर्णय तिचाच असावा. घरातील वडीलधाऱ्यांना दोष न देता विश्वासात घ्यावे.

हीच दृष्टी इतरत्रही ठेवावी. शालेय पोषण आहाराची पंगत एकच असावी. वर्ग झाडण्याची पाळी मुलगे आणि मुली या दोघांकडेही यावी. जातीवरून कोणाची जागा ठरू नये. ज्या मुलांनी शाळेत समतेची सवय अनुभवली, ती उद्या ग्रामसभेत बसतील. तेव्हा असा ठराव मांडताना त्यांना धाक वाटणार नाही, आणि तो पाळणे जडही जाणार नाही.