सगळेच खेळतात, हे खरे आहे का?



संयोजकांनी 'विद्यार्थी आणि व्यसन' हा विषय सुचवला तेव्हा मी म्हटले, मी डॉक्टर नाही आणि मौलानाही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर आकडे आणि लॉग वाचतो. ते म्हणाले, मग आकडेच सांगा. त्यामुळे आज उपदेश करणार नाही. दारू आणि जुगार हराम आहेत हे इथे बसलेल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत आहे. माहीत असूनही आपल्यातली मुले त्यात अडकतात. त्याबद्दल बोलू.

हॉस्टेलमध्ये नव्या मुलाला एक वाक्य हमखास ऐकू येते : "अरे, सगळेच करतात." आधी हे वाक्य तपासून पाहू.

केरळमध्ये एर्नाकुलम जिल्हा आहे, कोची शहर ज्यात येते तो. तिथल्या ५८ महाविद्यालयांतल्या १८ ते २५ वयाच्या मुलामुलींची संशोधकांनी जुगाराबद्दल पाहणी केली. तो निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. ५,५८० जणांनी प्रश्नावली पूर्ण भरली. त्यांपैकी आयुष्यात एकदा तरी पैसे लावले होते १,०९० जणांनी, म्हणजे १९.५ टक्के. साठ जणांचा वर्ग धरा. त्यातल्या बाराएक जणांनी कधीतरी पैसे लावलेत आणि उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांनी कधीच नाही. केरळमध्ये सरकारची स्वतःची लॉटरी १९६७ पासून चालते, तिकीट रस्त्यावर मिळते, आणि या मुलांमध्ये सर्वांत जास्त चालणारा जुगार लॉटरीच होता. तरीही दहातल्या आठ जणांनी हात लावलेला नाही.

दारूचेही तसेच. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के. फक्त पुरुष धरले तर २७.३ टक्के. म्हणजे चारातले जवळजवळ तीन पुरुष पीत नाहीत.

मग 'सगळेच' कुठून येतात? अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या दोघांनी यावर काम केले, १९९३ साली ते छापून आले. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले. कॅम्पसवर जे पिणे चालते ते तुला स्वतःला कितपत पटते? आणि इतरांना कितपत पटत असेल? बहुतेकांचे उत्तर असे होते की मला फारसे पटत नाही, पण बाकीच्यांना पटते. प्रत्येकाला वाटत होते की खटकणारा मी एकटाच. जो पितो तो आवाज करतो. जो खोलीत बसून असाइनमेंट लिहितो त्याची स्टोरी कोण टाकणार? वाईट भाग पुढे आहे. सत्र सरता सरता मुलांची मते त्या काल्पनिक 'सगळ्यां'च्या दिशेने सरकली. मुलींची सरकली नाहीत.

यावरून काही कॉलेजांनी 'बहुतेक विद्यार्थी मर्यादेत पितात' अशी पोस्टर लावायला सुरुवात केली. हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा मोहिमा राबवणारी आणि न राबवणारी कॉलेजे तुलनेला घेतली. मोहिमांमुळे पिणे कमी झाल्याचे दिसले नाही. पोस्टर चिकटवून झाले की काम झाले, असे मानणाऱ्या आपल्याकडच्या व्यसनमुक्ती सप्ताहवाल्यांनी हे जरूर वाचावे.

आता पुन्हा केरळकडे. त्याच पाहणीत ४१५ जण असे निघाले की ज्यांचा जुगार 'समस्या' या पातळीला पोचला होता. एकूण मुलांच्या ७.४ टक्के, ऐकायला थोडे वाटतात. पण भागाकार दुसऱ्या आकड्याने करून पाहा. ज्यांनी कधीतरी पैसे लावले असे १,०९०, त्यांतले ४१५. म्हणजे ३८ टक्के! दहा जण दारातून आत गेले आणि जवळपास चार जण आत अडकले. 'एकदा बघू' म्हणणाऱ्याला मी हाच आकडा सांगतो.

हे ४१५ जण कोण होते? मुलगे जास्त. शिकता शिकता अर्धवेळ काम करणारे जास्त. परीक्षेत नापास होण्याचे प्रमाण जास्त, नशेचे पदार्थ घेण्याचे जास्त, मानसिक ताण जास्त, आणि आत्महत्येचे विचारही जास्त. इथे एक सावधगिरी. लॉगमध्ये दोन एरर एकाच मिनिटाला दिसल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी आली असे आम्ही धरत नाही. नापास झाला म्हणून जुगाराकडे वळला की जुगारामुळे नापास झाला, हे एकदाच केलेल्या पाहणीतून कळू शकत नाही. पण या गोष्टी एकत्र राहतात एवढे नक्की कळते. ज्या मुलाकडे आपण फक्त 'बॅक राहिलेला' म्हणून पाहतो, त्याच्या फोनमध्ये आणखी काही चालू असू शकते. आणि अर्धवेळ काम करणारा मुलगा म्हणजे आपल्या मोहल्ल्यातला बहुतेक प्रत्येक कॉलेजकुमार. हातात थोडे रोख पैसे, घरी मोठी गरज.

ती पाहणी झाली तेव्हा लॉटरीच्या तिकिटाला दुकानापर्यंत जावे लागत होते. आज बुकीकडून व्हॉट्सअॅपवर 'आयडी' मिळतो. यातले यंत्र मला ओळखीचे आहे, कारण त्याचे सुटे भाग आमच्याच धंद्यातले आहेत. माणूस किती वेळा परत येतो हा आकडा प्रत्येक अॅपच्या डॅशबोर्डवर असतो. जुगाराचे अॅप तोच आकडा तुमच्या खिशावर चालवते. पैसे भरायला पाच सेकंद. काढायला मात्र केवायसी, 'किमान रक्कम', 'सर्व्हर डाऊन'. हे आपोआप घडत नाही, कोणीतरी तसे ठरवून बनवलेले असते. मग 'थोडक्यात हुकले'. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की थोडक्यात हुकलेला डाव मेंदूतली जिंकल्यावर चेतणारी केंद्रेच चेतवतो आणि पुन्हा खेळावेसे वाटते. हरलेला असूनही! क्रिकेटच्या शेवटच्या षटकात हे किती वेळा होते, मोजून पाहा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगले झाले. पण आपल्याकडे मुंबई जुगार प्रतिबंध कायदा १८८७ पासून आहे आणि मटका तरीही पिढ्यान्‌पिढ्या चालला, हेही लक्षात असू द्या. आणखी एक : "तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, काही हजार देतो," असे कोणी म्हटले तर ते खाते बहुधा सट्ट्याच्या किंवा फसवणुकीच्या पैशासाठी हवे असते. पोलीस आधी खात्यावरचे नाव वाचतात. ते नाव तुमचे असते.

आता मला खरे जे बोलायचे आहे ते. जुगाराच्या संशोधनात 'साउथ ओक्स' नावाची प्रश्नावली जगभर वापरतात, १९८७ पासूनची आहे. त्यात विचारतात : हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा गेलास का? हरत असताना जिंकतोय असे सांगितलेस का? घरच्यांपासून काही लपवलेस का? किती रुपये गेले यापेक्षा किती लपवले याचा हा शोध आहे. आणि लपवण्यात आपण मुसलमान घरची मुले फार तयार असतो, कारण उघड झाले तर फक्त पैसे जात नाहीत. अब्बांची मशिदीतली मान खाली जाते, बहिणीच्या रिश्त्याची चर्चा थांबते. म्हणून तो मुलगा कोणालाच सांगत नाही, आणि एकट्याने 'रिकव्हर' करायला अजून पैसे लावतो.

कुरआनने दारू आणि जुगार यांचा उल्लेख एकत्र केला आहे, आणि सूरह बकरामध्ये त्यांत लोकांना काही लाभ आहे हे नाकारलेले नाही, हानी मोठी आहे असे सांगितले आहे. मला ही बोलण्याची पद्धत महत्त्वाची वाटते. मुलाला तिथे काहीतरी मिळत होते, चार मित्र, थरार, फी भरण्याची आशा. ते मान्य केल्याशिवाय तो पुढचे ऐकणार नाही. 'हराम आहे, माहीत नव्हते का?' हा प्रश्न त्याने स्वतःला रात्री शंभर वेळा विचारलेला असतो.

एम्सच्या त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसलेतरी उपचार मिळाले होते. सोय कमी आहे हे खरेच, पण लाजही आहे. म्हणून नंबर लिहून घ्या. १४४१६ हा टेली-मानस, मनाच्या कोणत्याही त्रासासाठी, चोवीस तास, मोफत. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून काम करते आहे, तिथे घरच्यांशीही बोलतात. मरणाचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका. आणि असा मित्र शेजारी बसला असेल तर त्याला एकटे सोडू नका, आधी फोन लावून द्या. कर्ज किती, कोणाचे, ही चौकशी नंतर करता येते.

एर्नाकुलमच्या मुलांनी घरी न सांगितलेले कागदावर लिहिले. इथल्या जमातीला, हॉस्टेल चालवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवा, जिथे नाव न सांगता बोलता येईल आणि ऐकणारा माणूस प्रशिक्षित असेल.

प्रश्नोत्तरांसाठी चिठ्ठ्या वाटल्या आहेत. नाव लिहू नका. ज्याला प्रश्न नाही त्यानेही कोरी चिठ्ठी घडी करून डब्यात टाकावी, म्हणजे कोणी लिहिले हे शेजाऱ्याला कळणार नाही.