वीस हजार टाक्यांचा हिशेब

(घरगुती शिवण-विणकामाच्या प्रशिक्षणवर्गाच्या समारोपप्रसंगी झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



एके काळी मराठी घरात जन्मलेल्या बाळाचे पहिले वस्त्र सहसा बाजारातून येत नसे. बाळंतविड्यातील झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि कुंची ही आजीच्या, मावशीच्या, आत्याच्या हातची असत. नव्या कापडाचा कडकपणा कोवळ्या त्वचेला सोसत नाही, म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेले जुने सुती लुगडे त्यासाठी जपून ठेवलेले असे. घरात आलेल्या नव्या जिवाचे स्वागत घरातल्या जुन्या वस्त्राने होई. त्याच लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यांची पुढे बाहुली होई आणि मोठा भाग गोधडीत जाई. काही दशकांनी या वस्तूंच्या जोडीला लोकरीचा स्वेटर येऊन बसला. या चारही गोष्टींत घराची एक विद्या साठवलेली आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती जाणार की नाही, हा आजचा प्रश्न आहे.

वस्त्राचे अनेक जन्म

पूर्वीच्या गृहिणीच्या दृष्टीने फाटलेले लुगडे हा कचरा नव्हता. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. विरलेला भाग वगळला, तरी त्यातून मध्यम आकाराच्या गोधडीचे साधारण दोन थर निघतात. काठ वेगळे काढून कडांना लावले जात, कारण काठाची वीण घट्ट असते आणि गोधडी झिजू लागते ती कडेपासून. धोतर, सदरे, उपरणी आतल्या थरांत जात. अगदी निरुपयोगी चिंधीचेही पोतेरे होई.

ही दृष्टी केवळ महाराष्ट्राची नाही. संस्कृतातील ‘कन्था’ या शब्दाचा अर्थच चिंध्या जोडून केलेले वस्त्र असा आहे. बंगालमध्ये तीच ‘कांथा’ झाली. जुन्या साडीच्या काठातून उसवून काढलेल्या रंगीत धाग्यांनी तिच्यावर पाने, फुले, मासे आणि कथाप्रसंग उमटले. बिहारमध्ये ‘सुजनी’ आहे, सिंध, राजस्थान आणि गुजरातेत ‘रल्ली’ आहे. उत्तर कर्नाटकात ‘कौदी’ आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. ती कडेपासून सुरू होते आणि टाके फिरत फिरत मध्यावर येऊन मिळतात. कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानत नाहीत. आपल्याकडे कोल्हापूर-सांगली भागात हीच वस्तू ‘वाकळ’ म्हणून ओळखली जाते. भाषा बदलली, नाव बदलले, तरी जुने वस्त्र, सुई आणि साधा धावदोरा ही सामग्री सर्वत्र तीच राहिली.

संन्याशांनी आणि जोग्यांनी कंथा अंगावर घेतली, ती अपरिग्रहाची खूण म्हणून. विसाव्या शतकात गाडगे महाराज (1876–1956) ठिगळांचे वस्त्र पांघरून, हाती मडके घेऊन गावोगाव हिंडले. ज्यांना लक्षावधी रुपयांच्या धर्मशाळा उभारता आल्या, त्यांनी अंगावरची ठिगळे अखेरपर्यंत टाकली नाहीत. ठिगळाची लाज न बाळगण्याचा धडा समाजाने त्यांच्याकडून किती घेतला, हे ज्याने त्याने तपासावे.

टाक्यांमागील शास्त्र

गोधडीची ऊब ही केवळ भावनेची गोष्ट नाही. थरांमध्ये हवा अडकून राहते आणि ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. थर सुटे असतील तर ते सरकतात, गोळा होतात. म्हणून प्रथम अंगणात किंवा सारवलेल्या ओसरीवर थर ताणून अंथरायचे, कोपऱ्यांवर वजने ठेवायची, लांब कच्चे टाके घालून सारे थर एकत्र बांधायचे आणि मग कडेपासून ओळीने धावदोरा घालीत जायचे. टाका फार लांब पडला तर तो बोटात अडकून तुटतो. दोरा फार ओढला तर कापड चुरमडते. हाताला हा अंदाज यायला एखादी गोधडी बिघडावी लागते.

सात फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी एक गोधडी डोळ्यांसमोर आणावी. इंचा-इंचावर एक ओळ धरली तर चौऱ्याऐंशी इंचांच्या साठ ओळी होतात. एका इंचात चार टाके धरले तर त्यांची संख्या वीस हजारांच्या वर जाते. मिनिटाला दहा टाके धरले, तरी तेहेतीस-चौतीस तास लागतात. कापड धुणे, फाडणे, जोडणे आणि कच्चे टाके घालणे यांचा वेळ त्यात धरलेला नाही. वापरणाऱ्याच्या लक्षात हे टाके कधी येत नाहीत, कारण ते मोजण्याची सवयच घराला नव्हती.

बाहुली आणि दोन सुया

चिंध्यांच्या बाहुलीला साचा लागत नाही. मूठभर कापसाभोवती किंवा कातरणांभोवती कापड गुंडाळून दोऱ्याने मान बांधली की डोके तयार होते. हातपाय म्हणजे शिवलेल्या पट्ट्या आणि केस म्हणजे काळा दोरा. भातुकलीत हीच बाहुली नवरी होई, हीच आजारी पडे, हिलाच रागावले जाई. तिचा हात तुटला तर तो पुन्हा शिवला जाई. मोडलेली वस्तू दुरुस्त करता येते, हा अनुभव त्या मुलीला पाचव्या-सहाव्या वर्षी मिळे. मुलग्यांनाही तो मिळावयास हवा होता. आज अशी बाहुली करताना एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. लहान मुलांच्या बाहुलीला मणी वा बटणांचे डोळे लावू नयेत. ते निघून तोंडात जाण्याचा धोका असतो. डोळे दोऱ्यानेच भरावेत आणि बाहुली धुता येईल असे कापड निवडावे.

दोन सुयांवरचे विणकाम हे आपल्याकडे तुलनेने नवे. युरोपीय संपर्कातून आलेले हे कौशल्य घरोघरी इतके रुजले की ते परके उरले नाही. त्याचा पाया अवघ्या दोन टाक्यांचा आहे, सुलट आणि उलट. त्यांच्या मेळातून पट्टीची लवचीक वीण निघते, जाळी निघते, वेण्याही निघतात. स्वेटरचा मोठा गुण असा की तो उसवता येतो. मूल वाढले की स्वेटर उसवून लोकरीची लड करायची, ती धुऊन, पिळ काढून सुकवायची आणि नवी लोकर जोडून मोठ्या मापाचा स्वेटर विणायचा. गोधडीने शिकवलेली काटकसर इथे दुसऱ्या वाटेने आली. 1962 च्या चिनी आक्रमणाच्या वेळी हिमालयात लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे उबदार कपडे नव्हते. तेव्हा देशभरातील घरांमधून स्त्रियांनी स्वेटर आणि मोजे विणून पाठवले. त्यांना कोणी प्रशिक्षण द्यावे लागले नाही. सुया घरात होत्या आणि कौशल्य हातात होते.

साखळी कोठे तुटली?

या विद्येला ओहोटी लागली, तिचा दोष केवळ नव्या पिढीच्या माथी मारणे योग्य नाही. पहिला बदल कापडात झाला. सुती लुगड्याची जागा कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतली. ती टिकते आणि लवकर वाळते, पण घाम शोषत नाही, धुऊन मऊ होत नाही आणि थरांत घसरते. गोधडीचा कच्चा मालच घरातून नाहीसा झाला. ज्याला आज सर्रास लोकर म्हटले जाते, तोही बहुधा ॲक्रिलिकचा धागा असतो. दुसरे कारण जागेचे. दोन खोल्यांच्या सदनिकेत सात फुटांचे थर कोठे अंथरायचे? तिसरे कारण यंत्राचे. कारखान्यातील ब्लँकेट स्वस्त मिळते आणि तत्काळ मिळते.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. पूर्वीची गोधडी पुष्कळदा हौसेतून नव्हे, नडीतून शिवली गेली. दिवसभर शेतात राबून आलेल्या स्त्रीने रात्री दिव्याच्या उजेडात घातलेले ते टाके होते. तिच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. आजीच्या मायेची ऊब म्हणून गोधडीचे गोडवे गाताना त्या आजीच्या दुखऱ्या बोटांचा आणि अधू झालेल्या डोळ्यांचा विसर पडणे हा कृतघ्नपणा ठरेल.

‘फावल्या वेळा’चे मोल

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ‘फावल्या वेळातले काम’ हा शब्दप्रयोग या श्रमाला इतका चिकटला की त्याचे मोल शून्य धरले गेले. प्रदर्शनात हाताने शिवलेली गोधडी पाहून “जुन्या साड्यांचे इतके पैसे?” असे विचारणारे गृहस्थ आणि गृहिणी सुशिक्षित, सुस्थित घरांतीलच असतात. चौतीस तास म्हणजे आठ तासांचे चार दिवस आणि वर आणखी काही. गवंड्याला चार दिवसांची मजुरी देताना कोणी विटांची किंमत विचारून घासाघीस करीत नाही. मग सुई धरणाऱ्या हाताच्याच बाबतीत असे का घडावे?

महाराष्ट्राला याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच सापडले होते. 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथे अक्षरओळखीबरोबर शिवणकामाचेही शिक्षण दिले गेले. ज्या काळात निराधार विधवेला परक्या घरी राबण्यावाचून गती नव्हती, त्या काळात सुईने तिला स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे एक साधन दिले. तीच सुई घरात विनामोल होती आणि संस्थेत स्वावलंबनाचे साधन ठरली. फरक कौशल्यात नव्हता. त्या श्रमाचा हिशेब मांडला गेला, एवढाच फरक होता.

करण्याजोगे

मोठ्या योजनांची वाट पाहण्याची गरज नाही. घरातील सुती साड्या, ओढण्या, चादरी वेगळ्या काढून ठेवाव्यात. जागा नसेल तर मोठ्या गोधडीऐवजी दुपट्यापासून आरंभ करावा. हातभर लांबीचे थर मांडीवर मावतात. काम विक्रीसाठी असेल तर पहिल्या दिवसापासून तासांची नोंद ठेवावी आणि किमतीत धागा, कापड आणि वेळ हे तिन्ही स्वतंत्रपणे धरावेत. गावोगावच्या बचतगटांचा माल आज शहरांतील प्रदर्शनांपर्यंत पोहोचतो आहे. तेथे खरेदी करणाऱ्यांनी भाव पाडण्यापूर्वी एकदा एका इंचातील टाके मोजून पाहावेत.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकावे असे सुचवले आहे. ज्या शाळांना कारागीर शोधणे कठीण वाटते, त्यांनी विद्यार्थ्यांच्या आज्यांना बोलवावे. मुलींबरोबर मुलग्यांच्याही हाती सुई द्यावी. निदान स्वतःचे बटण लावण्यासाठी त्यांना दुसऱ्या कोणाकडे पाहावे लागू नये.

या वर्गात ज्यांनी पहिले दुपटे पूर्ण केले, त्यांचे टाके अजून वाकडेतिकडे आहेत. ते तसेच राहू द्यावेत. उसवून सरळ करण्याच्या मोहात पडू नये. आज घरी गेल्यावर ज्या कोणाच्या घरी आईची, सासूची किंवा आजीची जुनी गोधडी असेल, त्यांनी ती उलगडावी आणि ती शिवणारी हयात असेल तर तिच्याशेजारी बसून विचारावे, हा काठ कोणत्या लुगड्याचा? उत्तर मिळेल, तेव्हा ते लिहून ठेवावे. आणि पुढचा टाका तिच्याच देखरेखीखाली घालावा.