सारख्या ध्वनींचे, वेगळ्या कुळांचे शब्द

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायरच्या बोलीत ‘लेक’ हे क्रियापद ‘खेळणे’ या अर्थाने रूढ होते, आणि तळ्याच्या इंग्रजी नावाशी त्याचा उच्चार जुळत असला, तरी त्याचे मूळ स्कँडिनेव्हियन वसाहतकऱ्यांच्या प्राचीन नॉर्स भाषेत आहे. त्याच बोलीतील ‘ॲडल’, म्हणजे कमावणे, हाही नॉर्स वारसाच असून नासक्या अंड्याला लावल्या जाणाऱ्या ‘ॲडल’ या विशेषणाशी त्याचे नाते नाही.

याहून उद्बोधक उदाहरण ‘सँड-ब्लाइंड’ या शब्दाचे आहे. शेक्सपिअरने ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये मंददृष्टी वृद्ध गोबोसाठी तो योजला आहे. त्यातील पहिले पद मुळात ‘अर्धा’ या अर्थाचे ‘सॅम’ असावे, असे अभ्यासक मानतात. ते विस्मरणात गेल्यावर लोकांनी त्याजागी परिचित ‘सँड’, म्हणजे वाळू, बसवली. अनोळखी शब्दाला ओळखीचे रूप देणाऱ्या या प्रक्रियेला लोकव्युत्पत्ती म्हणतात. तिचा प्रभाव इतका की 1755 च्या कोशात सॅम्युएल जॉन्सन यांनीही डोळ्यांपुढे बारीक कण दिसण्याचा दोष, असा अर्थ दिला.

अशा बोलीशब्दांचा विस्तृत संग्रह जोसेफ राइट यांनी 1898 ते 1905 या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केला. बालपणीच गिरणीत राबलेले आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास वाचायला शिकलेले राइट पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले, आणि यॉर्कशायरची बोली ही त्यांची स्वतःचीच बोली होती.