तलावाचं पाणी आणि मोबाइलवरचा आकडा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात क्लब हाउसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘आपला स्मार्ट तरण तलाव’ असं छापलं आहे. तलाव काही स्मार्ट झालेला नाही. होता तसाच आहे, बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद. त्यात गेल्या वर्षी एक तरंगतं यंत्र आलं, एवढाच फरक. पण त्या यंत्रामुळे येत्या जनरल बॉडीत एक ठराव येणार आहे. यंत्र चोवीस तास पाणी तपासतंच, तेव्हा तलावावरच्या मामांची संध्याकाळची फेरी बंद करावी, तेवढाच मेंटेनन्सवरचा भार कमी होईल, असा तो ठराव. मत द्यायच्या आधी हे यंत्र नेमकं काय मोजतं आणि काय मोजत नाही हे सगळ्यांना माहीत असावं, म्हणून मी उभी आहे. नोकरीत मी अनेक वर्षं बॉयलरच्या पाण्याची तपासणी केली, त्यामुळे समितीने हे काम माझ्याकडे दिलं असावं.

यंत्र म्हणजे पाण्यावर डोकं वर काढून बसलेली एक बाटली समजा. तिच्या तळाला तीन-चार टोकं आहेत. एक तापमान सांगतं. एक पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. एक काचेचं टोक पीएच मोजतं, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्कलीकडे. ही पीएचची मोजपट्टी सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये मांडली, आणि तीही बिअर बनवणाऱ्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत. असो. चौथं टोक प्लॅटिनम किंवा सोन्याचं असतं. ते ओआरपी मोजतं, मिलिव्होल्टमध्ये. पाण्यात जंतूंना मारायची ताकद किती आहे, याचा तो विजेवरून काढलेला अंदाज. साधारण ६५० मिलिव्होल्टच्या वर असलं तर ठीक मानतात.

आता नीट ऐका. यंत्र क्लोरीन मोजत नाही. आपल्या यंत्रात क्लोरीन मोजणारं टोकच नाही. मोबाइलवर हिरवा ठिपका दिसला की ग्रुपवर ‘क्लोरीन ओके’ असं कुणीतरी टाकतं, ते ओआरपीवरून काढलेलं अनुमान आहे.

तरीही यंत्राने एक मोठं काम केलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पूर्वी पाण्याची तपासणी सकाळी सातला, एकदाच व्हायची. रात्री गोळी टाकलेली, रात्रभर पंप चाललेला, ऊन नाही. रजिस्टर उघडून बघा, पानंच्या पानं ‘पाणी चांगलं’. यंत्राचा पहिल्या आठवड्याचा आलेख पाहिला तेव्हा सकाळी सातला तो डोंगरमाथ्यावर होता आणि दुपारनंतर घसरत जाऊन संध्याकाळी पाच-सहाला तळाशी. उन्हातली अतिनील किरणं क्लोरीन तोडतात. पाण्यात काहीच संरक्षण नसेल तर कडक उन्हात तासाभराच्या आत निम्मा क्लोरीन उडून जातो. आणि आपल्याकडे मुलं कधी उतरतात? शाळेतून आल्यावर, साडेपाचला. म्हणजे पाणी सगळ्यात चांगलं असताना तलाव रिकामा आणि सगळ्यात कमजोर असताना पंचवीस मुलं आत. हे सातच्या रजिस्टरमध्ये कधीच दिसलं नसतं.

म्हणून आपण संध्याकाळची फेरी सुरू केली. मामा चारला येतात, पंप चालू करतात, लागेल तेवढा डोस देतात, पाणी फिरू देतात, पुन्हा तपासतात आणि मगच दार उघडतात. यंत्रामुळे जी फेरी सुरू झाली तीच यंत्राच्या नावाने बंद करायची, हे मला पटत नाही.

आता गेल्या मे महिन्याची गोष्ट. ग्रुपवर रोज लाल ठिपक्याचे स्क्रीनशॉट येत होते. ओआरपी ५९० च्या आसपास. ‘क्लोरीन संपलंय, गोळ्या वाढवा’, असे निरोप. मामा सांगत होते, “ताई, क्लोरीन आहे, किट चांगलं गुलाबी होतंय.” मोबाइलपुढे मामांचं कोण ऐकतं! चार दिवस दुप्पट गोळ्या पडल्या आणि ठिपका लालच. मग किटने मोजलं तर मोकळा क्लोरीन ३ पीपीएमच्या वर. म्हणजे क्लोरीन भरपूर, पण ताकद कमी.

कारण गोळीत आहे. आपण वापरतो त्या टीसीसीए ९० च्या गोळीत क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्ल असतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून थोडं असणं चांगलंच. पण क्लोरीन खर्च होतो आणि हे आम्ल पाण्यातच राहतं. हिशेब मांडते. आपल्या तलावाची सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे पाणी ९० हजार लिटर. १ पीपीएम क्लोरीन वाढवायला ९० ग्रॅम क्लोरीन लागतो. २०० ग्रॅमच्या एका गोळीत १८० ग्रॅम, म्हणजे रोज एका गोळीने २ पीपीएम. त्याच गोळीबरोबर सायन्युरिक आम्ल सव्वा पीपीएमच्या आसपास वाढतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत शंभर दिवस धरा. बॅकवॉशमध्ये थोडं वाहून जातं तरी शंभरी गाठते. पावसाळ्यात तलाव भरून वाहतो तेव्हा आपोआप पातळ होतं, उन्हाळ्यात तसा मार्ग नाही.

हे आम्ल वाढलं की क्लोरीनची अवस्था मुदत ठेवीसारखी होते. पासबुकात रक्कम दिसते, हातात पैसे नाहीत. किटला दिसतो तो पासबुकातला आकडा, ओआरपीला जाणवतो तो हातातला पैसा. दोघंही खरं बोलत होते. चूक होती ती उत्तरात. लाल ठिपक्यावर आणखी गोळी टाकली की ठेव वाढते आणि हातातली चणचण तशीच.

सायन्युरिक आम्लाची तपासणी अगदी साधी आहे. पाण्यात एक द्रव मिसळला की ते दुधट होतं. हे दुधट पाणी तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा. आपला ठिपका शंभरच्या खुणेलाच गडप झाला. ते कमी करायचा व्यवहारातला उपाय एकच, पाणी बदलणं. निम्मं बदलायचं तर ४५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, मे महिन्यात, जेव्हा आपल्याच घरी पाणी दिवसातून एक वेळ येत होतं. तेव्हा तलाव काही दिवस बंद ठेवला गेला आणि मुलांनी समितीला नावं ठेवली, त्यामागचं कारण हे होतं. हा खुलासा तेव्हाच व्हायला हवा होता असं माझं मत आहे, पण नोटीस बोर्डावर फक्त ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढंच लागलं.

या वर्षी पद्धत बदलली आहे. सायन्युरिक आम्ल ३० च्या आसपास येईपर्यंत गोळी, त्यानंतर संध्याकाळचा डोस हायपोचा. १० टक्क्यांचं ताजं हायपो ९०० मिलिलिटर टाकलं की साधारण १ पीपीएम वाढतो. त्यात सायन्युरिक आम्ल नाही. पण हायपो उन्हाळ्यात ठेवल्या ठेवल्या कमजोर होतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच आणायचं. आणि त्याने पीएच थोडा वर सरकतो, आपलं बोअरचं पाणी आधीच त्या बाजूचं. पीएच महत्त्वाचा का? पीएच ७.५ ला क्लोरीनचा जवळपास निम्मा भाग जंतुनाशक रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. क्लोरीन तेवढाच, काम निम्मं. म्हणून अधूनमधून आम्ल घालावं लागतं.

इथे एक गोष्ट जरा जोरात सांगते. हायपो आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो जीवघेणा आहे. टीसीसीएची गोळी आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात गेली, त्यातून ओल लागली, तर पेट घेते, स्फोटही होतो. म्हणून खोलीत कपाटं वेगळी, मापं वेगळी, आणि खोलीची किल्ली मामांकडे आणि ऑफिसात, तिसरीकडे नाही. ‘मामा आले नाहीत तर वॉचमन टाकेल’, असं ठरावाच्या चर्चेत कुणीतरी म्हणालं. माझा त्याला साफ विरोध आहे.

यंत्रालाही माणूस लागतो. काचेचं टोक कोरडं पडलं तर बिघडतं. उन्हाचं क्रीम, केसांचं तेल यांचा थर बसला की आकडा हळूहळू सरकतो आणि आपल्याला कळतही नाही. ठरावीक काळाने ते ४ आणि ७ पीएचच्या द्रावणात बुडवून जुळवून घ्यावं लागतं. टोकाचं आयुष्य वर्ष-दोन वर्षं, नंतर नवीन. पंप बंद असेल तर यंत्र जिथे तरंगतंय तिथल्याच पाण्याचा आकडा देतं, शिडीखालच्या कोपऱ्याचा नाही.

आणि काही गोष्टी कोणत्याच टोकाला दिसत नाहीत. तलावाला उग्र वास आला, डोळे चुरचुरले की आपण म्हणतो क्लोरीन जास्त झाला. बहुतेक वेळा ते क्लोरामाइन असतं. घाम, तेल, लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तयार होतं. आपलं जुनं पिवळ्या रंगाचं किट हे सगळं एकत्रच मोजायचं, म्हणून फसवायचं. आताचं गुलाबी किट, ज्याला डीपीडी म्हणतात, मोकळा क्लोरीन वेगळा दाखवतं. ती पद्धत पालिन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १९५७ मध्ये काढली आणि आजही तिच्याशिवाय भागत नाही. वास कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे उतरण्याआधी साबण लावून शॉवर. दिवाळीच्या सकाळी अंगाला तेल-उटणं लावून थेट उडी मारणारी मंडळी इथेच बसली आहेत, नावं घेत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते की १ पीपीएम क्लोरीनमध्ये, पीएच ठीक असताना, ई. कोलाय जिवाणू मिनिटाच्या आत मरतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा जंतू दहा दिवसांहून जास्त तग धरतो. म्हणजे ठिपका हिरवागार असताना एका आजारी मुलामुळे दहा मुलं आजारी पडू शकतात. जुलाब होत असताना मुलाला पाण्यात पाठवू नका. डॉक्टरांनी हाच जंतू आहे असं सांगितलं तर थांबल्यावरही दोन आठवडे नको. ‘एकच दिवस जाऊ दे, हट्ट करतोय’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांनाही माझी हीच विनंती.

तेव्हा ठरावाबद्दल माझं म्हणणं असं. यंत्र ठेवा, त्याचं टोक वेळेवर बदलायची तरतूद बजेटमध्ये करा. लाल ठिपका सगळ्या ग्रुपवर न जाता मामा, ऑफिस आणि उपसमिती या तिघांकडेच जाऊ दे. तो आला की आधी किट, मग डोस. किटचा आकडा रोज संध्याकाळी दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिला जाईल, मोकळा क्लोरीन आणि पीएच, वेळेसकट. क्लोरीन २ पीपीएमच्या खाली किंवा पीएच ७.८ च्या वर असेल तर दार उघडणार नाही, मग बाहेर कितीही मुलं टॉवेल घेऊन उभी असोत. आणि मामांची चारची फेरी कायम राहू दे.

किट आज क्लब हाउसच्या दारातल्या टेबलावर ठेवलं आहे. यंत्र मात्र पाण्यातच आहे, तिथे जाऊनच बघा. मामा आज चारऐवजी पाचला तपासणी करणार आहेत, कार्यक्रमामुळे. मुलांना घेऊन या, नळी त्यांच्या हातात देऊ. गोळ्यांच्या डब्याला फक्त कुणी हात लावायचा नाही.