रक्ताचा हिशेब समजावणारा

घरात मूल जन्मले की आजीबाई आधी त्याचे नाक पाहतात, मग डोळे. नाक बापाचे, डोळे आईचे, अशी वाटणी बारशाच्या आतच होऊन जाते. पण काही आजारही याच वाटेने येतात. आणि मूल आजारी निघाले की मात्र वाटणी संपते. सगळा दोष एकट्या सुनेच्या पदरात पडतो. "हिच्या माहेरचंच रक्त वाईट!" हा गैरसमज घालवणे ज्याच्या कामातच येते, अशा एका व्यवसायाची आज ओळख करून घेऊ. त्याला म्हणतात आनुवंशिक समुपदेशक, म्हणजेच जेनेटिक कौन्सेलर.

हे नाव अमेरिकेतील शेल्डन रीड यांनी १९४७ साली दिले. १९६९ मध्ये तिथल्या सारा लॉरेन्स कॉलेजात या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

उदाहरण आपल्याकडचेच घेऊ. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आढळतात. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात; अंग असह्य दुखते, रक्त कमी होते. आईबाप मात्र धडधाकट असू शकतात. दोघांच्याही अंगी सदोष जनुकाची एकेक प्रत असते, एवढेच. अशांना वाहक म्हणतात.

गुरुजी, हे वर्गात दाखवता येईल. दोन वाट्या घ्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत दोन चिंचोके टाका, त्यांतला एक खडूने पांढरा करा. आता डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक उचला. दोन्ही पांढरे आले तर मूल आजारी. एकच पांढरा आला तर वाहक. एकही नाही तर निर्दोष. म्हणजे आजाराची शक्यता चारांत एक. आणि पांढरा चिंचोका दोन्ही वाट्यांतून आल्याशिवाय मूल आजारी होत नाही. मग दोष एकट्या आईचा कसा?

चिंचोके परत वाटीत टाका आणि पुन्हा उचला. मागच्या खेपेला काय आले, हे वाटीला ठाऊक नसते. म्हणूनच "एक आजारी झालं, आता पुढची तीन निर्धास्त" हा हिशेब खोटा. प्रत्येक खेपेला शक्यता तेवढीच!

समुपदेशक हेच जोडप्याला शांतपणे समजावतो. तो तीन पिढ्यांचा नकाशा काढतो: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. मामाच्या मुलीशी लग्न झाले असेल तर दोघांना दुहेरी रेघेने जोडतो, कारण जवळच्या नात्यात तोच सदोष जनुक दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. कोणत्या तपासण्या आहेत, कोणते मार्ग मोकळे आहेत, हे तो सांगतो. पण निर्णय जोडप्याचाच. ऐकलेली गोष्ट तो गावात फोडत नाही. आणि गर्भ मुलाचा की मुलीचा, हे तर कधीच सांगत नाही; १९९४ च्या कायद्याने ते गुन्हा आहे.

हे शिकायचे कसे? आधी जीवशास्त्रासारख्या विषयात बी. एस्सी. किंवा वैद्यकीय पदवी, मग या विषयातील पदव्युत्तर शिक्षण. खरे सांगायचे तर आपल्या देशात असे अभ्यासक्रम मोजकेच आहेत आणि नोकऱ्या बहुतेक मोठ्या शहरांतल्या. पण १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीचा कागद हाती देणे सोपे असते. "वाहक" हा शब्द वाचून ठरलेले लग्न मोडायला निघालेल्या घराला थांबवणे अवघड. दुसऱ्या पक्षाचीही तपासणी करा, तो निर्दोष निघाला तर मुलांना हा आजार होणार नाही, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवे. तेही गोंडीत, भिलीत, वऱ्हाडीत.

ती भाषा शहरातल्या मुलांना येत नाही, गुरुजी. ती तुमच्या वर्गातल्या मुलांना येते. चिंचोक्यांचा खेळ झाल्यावर जी पोर "असं का?" म्हणून पुन्हा विचारील, तिला विज्ञानाच्या वाटेला लावा.