पहिली चित्रकथा चार चौकटींची

(आळे, तालुका जुन्नर येथे चित्रकलेची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर व शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आळे गावाची ओळख महाराष्ट्रभर एका कथेमुळे आहे. पैठणच्या विद्वानांसमोर ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि त्याच्या मुखातून वेद प्रकटले. पुढे ही भावंडे आळंदीकडे परतत असता तो रेडा येथे निवर्तला व येथेच त्याला समाधी देण्यात आली, असे परंपरा सांगते. ही घटना कीर्तनकाराला शब्दांनी उभी करावी लागते. चित्रकथा काढणारा मात्र रेड्याच्या तोंडाशी टोक असलेला एक फुगा काढतो व त्यात अक्षरे लिहितो. तेवढ्याने वाचकाला कळते की, बोलतो आहे तो रेडाच. ज्याला वाचा नाही त्याला वाचा देणे, हे या कलेचे सामर्थ्य होय.

चित्र आणि शब्द यांची ही जोडी आपल्याला परकी नाही. याच तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरल्या गेल्या आणि प्रत्येकीवर ब्राह्मी लिपीत नाव लिहिले गेले. प्रतिमा आज भंगल्या आहेत. नावे टिकून आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगत आले. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथ्याच्या कंठातील शब्द आपण कागदावर उतरवतो, एवढाच फरक.

आता नवोदितांशी थोडे बोलतो. पहिलीच चित्रकथा शंभर पानांची करावी, तीत शिवनेरीपासून रायगडापर्यंत सारे यावे, असा उत्साह अनेकांना असतो. पाचव्या पानावर हात थकतो आणि वही कपाटात जाते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, पहिली कथा चार चौकटींची करा आणि ती पुरी करा. अपुऱ्या शंभर पानांपेक्षा पुऱ्या झालेल्या चार चौकटी अधिक शिकवतात. कारण कथा कोठे संपवावी हे ती संपविल्यावाचून कळत नाही.

विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. या भागात उसाच्या दाट फडांत बिबट्याची मादी पिल्ले देते आणि तोडणीच्या वेळी ती पिल्ले मजुरांना सापडतात. हीच कथा घ्या. पहिल्या चौकटीत ऊस तोडणारी बाई थबकली आहे. सरीत दोन पिल्ले आहेत. दुसरीत तिचा मुलगा त्यांना उचलण्यासाठी वाकला आहे आणि तिने त्याचे मनगट धरले आहे. तिसरीत तोडणी थांबली आहे, मंडळी दूर सरली आहेत आणि मुकादम वनविभागाला कळवीत आहे. चौथीत रात्र आहे. तोंडात पिल्लू धरून मादी उभ्या उसात शिरते आहे. या चौकटीत एकही शब्द नको.

यात काय वगळले तेही पाहा. वनविभागाची गाडी, पिल्लांची तपासणी, सापडल्या जागी ती पुन्हा ठेवणे, हे सारे तिसऱ्या व चौथ्या चौकटींमधील कोऱ्या पट्टीत घडले. वाचक ते मनाने भरून काढतो. काय काढावे याइतकेच काय काढू नये हेही चित्रकाराने ठरवावयाचे असते.

“मला बिबट्या हुबेहूब काढता येत नाही,” असे कोणी म्हणेल. त्याची चिंता नको. आईच्या हाताची पकड आणि मुलाचे कुतूहल दिसले की कथा पोहोचली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ हा चित्रग्रंथ 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. तो चितारणाऱ्या दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी ठराविक चौकटी नाकारल्या. सौम्य बोलण्यासाठी त्यांनी पक्ष्याच्या आकाराचे फुगे काढले आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी दिली. आपल्या अंगणातील रेषा त्यांनी जगापुढे नेली.

कृतीविषयी चार सूचना. प्रथम हस्तरेखनाने लहान कच्चा आराखडा करावा. अक्षरे आधी लिहावीत व फुगा नंतर काढावा. देवनागरीला वेलांटी-मात्रांसाठी वर आणि उकारांसाठी खाली जागा लागते. काळी शाई वापरावी. पुसट राखी छटा झेरॉक्समध्ये हरवते. शेवटी अक्षरओळख नसलेल्या एखाद्या आजीबाईंना चित्रे दाखवून, “काय घडले?” असे विचारावे. त्या जेथे अडखळतील ती चौकट पुन्हा काढावी.

शिक्षक व पंचायत सदस्य यांनाही एक विनंती आहे. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ या संस्थेने सामान्य ग्रामस्थांना अशाच चार चौकटींच्या भित्ति-चित्रकथा काढावयास शिकविले. साधे दोन कागद जोडावयाचे, झेरॉक्स काढावयाची आणि भिंतीवर लावावयाची. खर्च नाममात्र असतो. 1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’तही लेखक एक आणि चित्रकार दुसरा, अशी रीत होती. शिक्षकांनी संहिता तपासावी, विद्यार्थ्यांनी चित्रे काढावीत आणि वनविभागाकडून मजकूर पडताळून घ्यावा. ग्रामपंचायतीने चावडीवर किंवा दूध संकलन केंद्रावर हातभर जागा द्यावी.

ही केवळ हौसेची बाब नाही. जुन्नर-आंबेगाव परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत आणि त्यांत लहान मुलेही आहेत. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात आयुष्य काढीत आहेत. परिपत्रक फडापर्यंत पोहोचतेच असे नाही, आणि दरसाल परगावाहून येणाऱ्या तोडणी मजुराला ते वाचता येईलच असेही नाही. वाटेवरील भिंतीवर चार चित्रे असली, तर त्याचे मूल ती थांबून पाहील. पिल्लाकडे गेलेला त्याचा हात मागे आला, तर तुमच्या पहिल्या चित्रकथेने मोठेच काम केले, असे म्हणावे लागेल.

तेव्हा कागद घ्या, त्याचे चार भाग करा आणि पहिली चौकट आजच काढा. तुम्हां सर्वांना माझ्या शुभेच्छा.